शतावरी, क्रमांक ४१२

२ जून

ती. मामांस,
सा. न.

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवार, २७ मे रोजी मी हर्बेरियममधलं शतावरीचं कपाट स्कॅनिंगसाठी घेतलं. वाळवून कागदावर चिकटवलेल्या फांद्यांची एकूण १८६ शीट.

२. त्यांतली दोन टाइप शीट आहेत, म्हणजे ज्या फांदीवरून नव्या जातीचं वर्णन झालं ती मूळ फांदी. दोन्ही जाती तुम्ही वर्णन केलेल्या. एक मोठ्या फुलाची, एक लहान फुलाची. दोन्ही फांद्या आईने एकाच दिवशी, एकाच उतारावरून आणलेल्या. आई तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तुमच्या सर्वेक्षणासाठी वनस्पती गोळा करत होती.

३. मोठ्या फुलाच्या शीटवर तिचा संग्रह क्रमांक ४१२ आहे. लहान फुलाच्या शीटवर ४१२-अ. त्यातला "अ" वेगळ्या शाईत आणि तुमच्या अक्षरात आहे.

४. लहान फुलाच्या शीटच्या उजव्या कोपऱ्यात, गळून पडलेले भाग ठेवतात ते कागदी पाकीट आहे. स्कॅनिंगच्या नियमाप्रमाणे ते उघडलं.

५. आत दोन सुकी फळं, एक काटा, पानांसारख्या सात हिरव्या सुया आणि दोऱ्यासकट एक टॅग.

६. टॅगवर पेन्सिलीने आईचं अक्षर: "४१२. मादी. फळं हिलाच. नर शेजारी, त्याच जाळीत, फूल मोठं. जात एकच."

७. टॅग परत पाकिटात ठेवला. कुणाला दाखवलेला नाही.

तुमच्या मूळ लेखात या दोन जातींखाली एक तळटीप आहे. ती अशी: "संग्राहिकेच्या निष्काळजीपणामुळे दोन भिन्न जातींना एकच क्रमांक पडला आहे. तिच्या इतर नोंदीही पडताळून घ्याव्यात." हीच तळटीप तुमच्या नव्या पुस्तकाच्या छपाईआधीच्या मुद्रितातही, पान २१४ वर, जशीच्या तशी आहे.

शीट तपासणाऱ्याने, जात कोणती हे सांगणारी आपली निश्चितीची चिठ्ठी त्यावर लावायची असते. या दोन शीटवर मी काय लिहू, ते कळवावं.

घरी मी तुला तू म्हणते. हे पत्र कामाचं आहे म्हणून तुम्ही.

भाची

*

९ जून

चि. भिंगवालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ही भाची आहे का फौजदार?" मी म्हटलं, माझ्याच हाताखाली शिकली, आता तक्रार कुणाकडे करू! पण ते "तुम्ही" तेवढं मागे घे बाई. हर्बेरियमचा जिना तू पहिल्यांदा चढलीस तो माझ्या पाठुंगळी, माझे दोन्ही कान लगामासारखे धरून. डावा अजून दुखतो.

आता तुझ्या सात मुद्द्यांकडे वळतो. मला या टॅगचं काही ठाऊक नाही. त्या काळी शीट चिकटवायला तिघी बायका होत्या आणि तिघींच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. त्यांतल्या कुणीतरी टॅग हाती लागला तसा पाकिटात कोंबला असेल. त्यावरून इतकं नाट्य कशाला?

तुझी आई हुशार होती, यात वादच नाही. डोंगरात तिच्याइतकी चांगली नजर मी कुणाची पाहिली नाही. पण खोड अशी की, झाड दिसलं की उभ्या उभ्या निकाल! बारावी झालेली पोर, दोन वर्षांचा अनुभव, आणि "जात एकच" लिहून मोकळी. अगं, जात ठरवण्यात लोकांचे केस पांढरे होतात. माझे तर गेलेच. मोठं फूल साडेसहा मिलिमीटर, लहान साडेतीन. एकाच्या देठाला सांधा मध्यावर, दुसऱ्याच्या बुडाशी. इतका फरक काय उगीच पडतो? तिनं दोन झाडांना एक क्रमांक देऊन गुंता करून ठेवला, तो मी सोडवला. आणि सोडवताना दुसऱ्या जातीला नाव कुणाचं दिलं, ते तू मुद्दाम गाळलंस. पहिलीला माझ्या गुरुजींचं, दुसरीला माझ्या बहिणीचं. जगभरच्या वनस्पतींच्या यादीत तुझ्या आईचं नाव आहे, ते या मामामुळे. किती भावांनी एवढं केलंय, सांग.

चिठ्ठीवर "पाहिले" लिही, खाली तारीख टाक, कपाट बंद कर. पुस्तक १५ जुलैला छपाईला जातंय. एकतीस वर्षांचं काम आहे, आता त्यात काडी घालू नकोस.

आणि एक. आईजवळ यातलं काही काढू नकोस. जुनं दुखणं आहे तिचं. खपली धरलीय, ती राहू दे.

तुझा मामा

*

१४ जून

ती. मामांस,
सा. न.

"तुम्ही" मागे घेत नाही. काम अजून संपलेलं नाही.

आधी पाकीट. त्याच्या आतल्या घडीवर "सुटे भाग" असे दोन शब्द आणि १९ मार्च ही तारीख आहे. दोन्ही तुमच्या अक्षरात. शीट चिकटवणाऱ्या तिघींपैकी कुणाच्याही अक्षरात नाही. मी त्यांच्या प्रत्येकी दहा नोंदी काढून ताडून पाहिल्या. तुमचा लेख त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छापून आला. म्हणजे लेखाच्या पाच महिने आधी टॅग तुमच्या हातात होता. बायका गप्पा मारत होत्या की नव्हत्या, याचा इथे संबंध नाही.

टॅग तुम्ही टाकून का दिला नाहीत, हा प्रश्न मला पडला होता. मग आठवलं. कामाच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं: शीटवरचं काहीही टाकायचं नाही, मुंगीचा पाय असला तरी पाकिटात जाईल. टॅग तुम्हाला टाकवला नाही. बाकी सगळं जमलं.

आता फुलं. टाइपवरच्या एकाही फुलाला मी हात लावलेला नाही. त्याच दिवशी आईने दोन्ही प्रकारच्या चार-चार जादा फांद्या आणल्या होत्या. त्या तळाच्या खणात, न चिकटवता, वर्तमानपत्रांच्या घडीत पडून आहेत. आताच्या संग्रहप्रमुख बाईंची लेखी परवानगी घेतली. दोन्हींची सहा-सहा फुलं गरम पाण्यात भिजवून भिंगाखाली उघडली.

मोठ्या सहाही फुलांत सहा पुंकेसर पूर्ण वाढलेले आणि परागाने गच्च भरलेले. मधला बीजांडकोश नावाला; आत बीजांड नाही. लहान सहाही फुलांत बीजांडकोश तीन कप्प्यांचा, भरलेला, वर कुक्षीचे तीन फाटे. पुंकेसर तिथेही आहेत, पण परागकोश पोकळ आणि चिपाडासारखे. मोठं फूल नराचं आहे, लहान मादीचं. शतावरीच्या ज्या गटात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, तिथे नराचं फूल मोठंच असतं. भाजीसाठी जी शतावरी लावतात, तिच्यातही असंच असतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे सांगेल. देठाचा सांधा मी चाळीस देठांवर मोजला. दोन्हींत तो मध्यावर, बुडाशी आणि मधे कुठेही सापडतो.

त्यामुळे चूक फक्त एका जातीच्या दोन करण्याची नाही. तुमच्या पुस्तकात दोन्ही जाती उभयलिंगी फुलांच्या गटात बसवल्या आहेत. तो गटच चुकला. शतावरी लिलीच्या कुलातून बाहेर कशी काढली गेली, तिच्या तीन प्रजाती कशा झाल्या आणि पुन्हा एक कशा झाल्या, हे तुम्ही साठ पानांत लिहिलं आहे. जे पान वाटतं ती फांदी असते आणि खरं पान म्हणजे बुडाचा खवला, हेही आकृतीसह समजावलं आहे. एक फूल मात्र उघडून पाहिलेलं नाही.

आईने ते झाडावरच पाहिलं होतं. फळं कुणाला येतात आणि कुणाला नाहीत, एवढं तिला पुरलं.

मी एम.एस्सी.ला असताना आमच्या सरांनी तुमची तळटीप वर्गात वाचून दाखवली. विषय होता, वाईट क्षेत्रनोंदीमुळे काय नुकसान होतं. सगळे हसले. एकाने विचारलं, "ही बाई होती कोण?" सर म्हणाले, "असेल कुणीतरी हौशी." मी तिसऱ्या बाकावर होते आणि काहीही बोलले नाही. त्या दिवशी मला आईची लाज वाटली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आईला हे सगळं माहीत आहे का? या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही, एवढंच हवं.

भाची

*

२१ जून

चि. भाचीस,

हे पत्र मामीला दाखवलं नाही. तिला वाटतं, माझ्या भाचीनं मला वाढदिवसाचं लिहिलंय.

ताडून पाहिलं म्हणे! माझं अक्षर ताडून पाहिलं! चोर पकडायला निघालीस का? ज्या खुर्चीत बसून माझी पाकिटं उघडतेस ना, त्या खुर्चीत तुला कुणी बसवलं? अर्ज सत्तर होते. मी सध्याच्या बाईंना दोन ओळी लिहिल्या नसत्या, तर आज तू कुठल्यातरी शाळेत मुलांना जास्वंदाचं फूल उभं कापायला शिकवत असतीस. तेव्हा माझ्या शब्दाला किंमत होती. आता त्याच शब्दाला भिंग लावतेस.

"एक फूल उघडून पाहिलेलं नाही." वाक्य लिहून फार बरं वाटलं असेल. टाइपवर फुलं होती अकरा. त्या काळी टाइपवरचं फूल तोडायचं म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यासारखं होतं. जादा फांद्या तळाच्या खणात आहेत हे मला कुणी सांगितलं नाही. आणि सांगणार कोण? आणणारी. तिनं का नाही सांगितलं?

आता तुझा प्रश्न. हो. तुझ्या आईला सगळं माहीत आहे. लेख जाण्याआधी मी तिला माझ्या खोलीत समोर बसवून सगळं दाखवलं होतं. तिनं मान्य केलं. स्वतःच्या तोंडानं म्हणाली, "दादा, चुकलं माझं." एका अक्षरानं तक्रार केली नाही. तिला ज्याचा राग नाही त्याचा तुला पुळका? विचार जा तिला. माझी ना नाही.

आणि विचारायला जाण्याआधी एवढं डोक्यात घे. दोन जाती एक केल्यास की एक नाव बुडतं. गुरुजींचं नाव लेखात आधीच्या पानावर आहे, तुझ्या आईचं पुढच्या. बुडणार कुणाचं, ते तूच बघ. आईच्या न्यायासाठी निघालीयस आणि आईचंच नाव पुसणार आहेस.

मामा

*

२७ जून

मामा,

पानाचा क्रम नियमात नाही. दोन्ही नावं एकाच अंकात, एकाच दिवशी प्रसिद्ध झाली. त्यांत आधीचं-नंतरचं काही नसतं. अशा वेळी दोन्ही जाती एक आहेत असं जो पहिल्यांदा छापतो, तो दोनांतलं एक नाव निवडतो आणि जगाला ते पाळावं लागतं. हा नियम तूच मला शिकवलास. तो तू विसरला असशील असं मला वाटत नाही. मी विसरले असेन, असं तुला वाटलं.

इथून पुढे "तू". काम संपलं म्हणून नाही. "तुम्ही" म्हणायला मन होत नाही म्हणून.

तू विचार म्हणालास. मी विचारलं.

काल दुपारी आईच्या दुकानात गेले. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती काचा तपासते, हे तुला माहीत आहे. कशी तपासते, ते तू कधी पाहिलं नसशील. काच यंत्रात धरते, नंबर वाचते, लिहिते. मग काच काढून परत घालते, परत वाचते. मग उठून पुढे जाते आणि मालकीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवते. दुकानात तिला "डबल" म्हणतात. काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, "ताई, तुमच्या आई एकेका काचेला तीन माणसांचा वेळ घेतात. पण गेल्या बारा वर्षांत एक चष्मा परत आलेला नाही." मला वाटायचं, स्वभावच असा आहे.

मी विचारलं, "आई, ४१२ चं काय झालं होतं?"

तिने हातातली काच कापडावर ठेवली. "ते कुणी उकरलं?"

"कपाटात समोर आलं."

"व्हायचंय काय, घोळ केला मी. दोन वेगळी झाडं, एकाच जाळीतली समजून एका क्रमांकाखाली घातली. दादानं किती सांभाळून घेतलं तेव्हा! दुसरा कुणी असता तर हाकललंच असतं."

"पण तू टॅग लावले होतेस ना, नर आणि मादी असे?"

"तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "मीच सांगितलं असेन कधीतरी. हो, लावले होते असं मला अगदी पक्कं वाटत होतं. तसं म्हटलंही मी दादाला. तर त्यानं अख्खी चळत माझ्यासमोर आणली. एकेक कागद उलटून दाखवला. नव्हते गं टॅग. एकही नव्हता." मग ती हसली. "मला दोऱ्याचा रंगसुद्धा आठवत होता, बघ. हिरवा. माणसाच्या डोक्यात काय काय तयार होतं! तेव्हापासून मी डोक्यावर भरवसा ठेवत नाही. लिहायचं, आणि परत बघायचं."

दोरा हिरवाच आहे.

संध्याकाळी हर्बेरियममध्ये परत येऊन मोठ्या फुलाच्या शीटचं पाकीट उघडलं; त्या शीटचं स्कॅनिंग मी थांबवून ठेवलं होतं. आत दुसरा टॅग: "४१२. नर." पाकिटावर तीच तारीख, तेच अक्षर.

म्हणजे तू दोन्ही टॅग सोडलेस. पाकिटांत घातलेस. पाकिटं बंद केलीस. आणि मग बहिणीला खोलीत बोलावून, समोर बसवून, टॅग नसलेले कागद एकेक करून उलटलेस. ती "चुकलं" म्हणेपर्यंत. याला तू "सगळं माहीत आहे" म्हणतोस.

तू जात चुकलास, ते मी समजू शकते. लोक चुकतात, वनस्पतींची निम्मी नावं कुणाच्या तरी चुका आहेत. तू तिच्या नोंदी खोडल्यास असंही मी म्हणत नाही. तू तिच्या डोक्यातली आठवण खोडलीस. तिची नजर तिच्याकडून काढून घेतलीस आणि वर तिने तुझे आभार मानावेत अशी व्यवस्था केलीस. एकतीस वर्षं ती मानते आहे.

आणि मी चौदा वर्षांची असल्यापासून तिच्यावर चिडत आले. किती घाबरट, किती वेळकाढू, गॅस बंद केला का हे बघायला तीनदा आत जाणारी. तुझ्यासारखं ठाम का नाही राहत, असं मी तिला तोंडावर विचारलं आहे.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. दुकानातून निघताना ती म्हणाली, "दादाला त्रास देऊ नकोस हां, त्याचं पुस्तक आलंय ना जवळ." मी हो म्हटलं. खोटं बोलले.

तुझ्याकडून आता खरं हवं आहे. तुला कळलं केव्हा?

भाची

*

३ जुलै

चि. भाचीस,

चार दिवस कागद समोर घेऊन बसतोय.

टॅग काढले तेव्हा माझी खात्री होती की ती चुकतेय. हे खरं आहे, विश्वास ठेव नाही तर नको ठेवू. पण टॅग शीटवर राहिले असते, तर लेखाच्या परीक्षकानं पहिला प्रश्न तोच केला असता. आणि मला तेव्हा प्रश्न नको होते. पहिला मोठा लेख होता. दोन जातींचा होता म्हणून मोठा होता.

तिला कागद उलटून दाखवले ते वाईट केलं. ती ऐकेचना. "आहेत दादा, मी बांधलेत" हेच चालू. आणि ती उद्या आणखी कुणाला तसं म्हणाली असती तर? मला वाटलं, एकदाचं मिटवून टाकू. इतक्या लवकर ती मानेल असं वाटलं नव्हतं. रडली नाही, भांडली नाही. नुसती हाताकडे बघत बसली. मला तर हायसं वाटलं होतं.

तळटीपेतलं दुसरं वाक्य, इतर नोंदींचं, परीक्षकानं घालायला लावलं. मी नाही म्हणू शकलो असतो.

कळलं चौथ्या वर्षी. त्या उतारावर मी स्वतः गेलो. फळं धरायचा हंगाम होता. लहान फुलाची झाडं लाल फळांनी लगडलेली, आणि मोठ्या फुलाच्या एकालाही फळ नव्हतं. बत्तीस झाडं मोजली. पुन्हा मोजली. खाली उतरलो आणि कुणाला काही बोललो नाही. तिनं तोवर नोकरी सोडली होती. तू पोटात होतीस, तिला आठवा लागला होता. म्हटलं, आता नको. मग तू लहान होतीस म्हणून नको. मग तुझे वडील आजारी होते म्हणून नको. पुढे पुढे उशीर एवढा झाला की सांगितलं असतं तर आधी उशिराचाच जाब द्यावा लागला असता.

तुला त्या खुर्चीत बसवलं त्यात हेही होतं. निदान तिच्या मुलीला तरी, असं.

ऐक. पुस्तकातली तळटीप काढायला सांगतो. गुपचूप निघून जाईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. जाती दोन राहू देत. मी अडुसष्टचा आहे. मी गेल्यावर दोन्ही एक कर, माझ्या नावानं काय लिहायचं ते लिही. मी वर बसून तक्रार करणार नाही.

पण तिला सांगू नकोस. या वयात हे ऐकून तिच्या हाती काय लागणार? हात जोडतो.

मामा

*

८ जुलै

मामा,

मी तिला सांगितलं नाही. दाखवलं.

शनिवारी तिला हर्बेरियममध्ये घेऊन आले. तीस वर्षांत ती इथे आली नव्हती. दारात चप्पल काढायला लागली. मी म्हटलं, आता काढत नाहीत. माझ्या टेबलापाशी बसवलं, भिंगाखाली दोन फुलं ठेवली, कुठली ते सांगितलं नाही. म्हटलं, "हे काय आहे बघ."

तिने डोळा लावला. भिंग स्वतःच खालीवर केलं. मला शिकवावं लागलं नाही. "हा नर. पराग बघ किती." मग दुसरं. "ही मादी. शतावरीच आहे दोन्ही. एकाच..." आणि थांबली. डोळा न काढता अगदी हळू विचारलं, "हे ४१२ आहे का?"

मी दोन्ही टॅग तिच्यासमोर ठेवले.

तिने ते उलटेसुलटे करून पाहिले. दोऱ्याची गाठ बोटाने चाचपली. "कुठे होते?"

"पाकिटांत."

"कुणी ठेवले?"

मी पाकिटं दाखवली. तिला तुझं अक्षर ओळखायला माझी गरज नव्हती.

तुला वाटत होतं ती खचेल. तुझ्या माहितीसाठी: ती उठली आणि म्हणाली, "माझी बाकीची शीट कुठल्या कपाटांत आहेत?" एकूण ११३६. बंद होण्याच्या वेळेपर्यंत आम्ही तीनशे चाळीस पाहिली. त्यांतल्या एकोणचाळिसांवर वेगवेगळ्या लोकांनी पेन्सिलीने "संग्राहिकेची नोंद अविश्वसनीय" असं लिहून ठेवलं आहे. सगळे तुझ्या तळटीपेचा हवाला देतात. तिने प्रत्येक ओळ वाचली. सतराव्या-अठराव्या शीटनंतर ती मोठ्याने बोलायला लागली. "हे बरोबर होतं. हे पण बरोबर होतं. अरे, हे तर मी फांदी वाकवून, झोपून बघितलं होतं!" शेजारच्या टेबलावरचा शिपाई वळून बघायला लागला, तर त्याला म्हणाली, "बघता काय, या, तुम्ही पण वाचा." मी तिला इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलेलं नाही.

मग तिने मला तुझ्या जुन्या खोलीविषयी विचारलं. "त्यानं मला कागद उलटून दाखवले, तेव्हा ही पाकिटं कुठे असतील?"

तारीख तिला पाठ आहे: २१ मार्च. पाकिटांवर १९ मार्च आहे. टाइप तेव्हा तुझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असायचे. नोंदवहीत तसं आहे. मी खरं ते सांगितलं. "तू बसली होतीस तिथून चार पावलांवर."

ती म्हणाली, "म्हणजे मी 'दादा, मी बांधलेत' म्हणत होते, तेव्हा ते माझ्या पाठीमागे होते."

"हो."

"आणि त्याला माहीत होतं."

"हो."

त्यावर तिने तुझ्याविषयी जे म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही.

तुझं पत्र मी तिला दिलं. "तू पोटात होतीस" तिथे तिने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "माझ्या गरोदरपणावर ढकलतोय." "हायसं वाटलं" हे दोनदा वाचलं.

आता काय हवं ते लिहिते. तळटीप गुपचूप काढायची नाही. ती तिथेच, त्याच पानावर दुरुस्त करायची: संग्राहिकेची नोंद बरोबर होती, तिचे टॅग लेखकाने काढले, चूक लेखकाची. दोन्ही जाती एक करायच्या आणि नर-मादी वेगळ्या असलेल्या गटात न्यायच्या. नाव कोणतं ठेवायचं ते तू निवड. मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "गुरुजींचं ठेवा, नाही तर झाडूचं ठेवा. मला त्या नावाचं कौतुक नको." दोन्ही टाइप शीटवर तू येऊन स्वतःच्या हाताने, आजच्या तारखेची चिठ्ठी लावायची. जुनी कुठलीही चिठ्ठी निघणार नाही.

हे झालं नाही, तर माझा लेख तयार आहे. छायाचित्रांसह आठ पानं. पुस्तक छपाईला जाईल त्याच दिवशी तो पाठवीन. संग्रहप्रमुख बाईंना मी सगळं सांगितलं आहे. तू मला खुर्चीत बसवलंस, हेही. त्या म्हणाल्या, अर्ज सत्तर होते, पण निवड समितीने तुझं पत्र वाचलंच नव्हतं.

आईचं तुझ्याशी वेगळं आहे. तिला माफी नको. हे तिने मला लिहायला सांगितलं, आणि लिहिलं का ते विचारलंही. तिला एकच गोष्ट कळायला हवी आहे. त्या दिवशी ती हाताकडे बघत बसली होती आणि कपाट चार पावलांवर होतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत उठून ते उघडावं, असं तुझ्या मनात एकदा तरी आलं का? आलं असेल तर तसं लिही. नसेल आलं तर तसं. तिला बरं वाटेल असं काही लिहू नकोस. तिला आता फरक कळतो.

उत्तर शनिवार, १३ जुलैपर्यंत पोचावं. पाकिटावर पत्ता माझा घालू नकोस. तिचा घाल.

भाची